वहीतलं वजन आणि बाळाचं वजन



आधी माझी स्वतःची चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलायचा मला हक्क नाही.

जीएनएमचा डिप्लोमा करून मी नुकतीच एका दवाखान्यात लागले होते. रात्रपाळी होती. प्रसूतीच्या वॉर्डात बायका खाटेला खाट लागून, आणि सिस्टर आम्ही दोघीच. दर चार तासांनी प्रत्येकीचा बीपी मोजायचा आणि तक्त्यावर लिहायचा, असा नियम. एका बाईचा बीपी संध्याकाळी सहाला मी मोजला, 130/80 होता. रात्री दहाच्या रकान्यात मी न मोजताच 130/80 लिहिलं. दोनच्या रकान्यातही तेच. सगळ्याच जणी तसं करायच्या, नवीन मुलीला पहिल्याच आठवड्यात ते शिकवलं जायचं. पहाटे त्या बाईला झटके आले. तेव्हा मोजला तर 170/110. मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं, बाई वाचली. बाळ पोटातच गेलं. सकाळी डॉक्टरांनी तक्ता पाहिला. तो नीट भरलेला होता, त्यामुळे कुणी कुणाला काही विचारलं नाही.

रकाना रिकामा असता तर निदान कोणीतरी ओरडलं असतं. तेव्हापासून मला रिकाम्या रकान्यापेक्षा भरलेल्या रकान्याचीच जास्त धास्ती वाटते.

नोंद खरी असेल तर काय होतं, हे बघायला आपल्याला लांब जायची गरज नाही. शेजारच्या गडचिरोलीत ते घडलेलं आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 च्या सुमारास तिथे 'सर्च' ही संस्था घेऊन काम सुरू केलं. त्यांनी पहिलं काम केलं ते मोजायचं. गावात किती बाळं जन्मली, किती गेली, कशाने गेली. 1988 च्या सुमारास तिथे हजार बाळं जन्मली तर 121 बाळं वर्षाच्या आत जात होती. मोजल्यावर दिसलं की लहान मुलांच्या मरणात निमोनियाचा वाटा फार मोठा आहे. आता निमोनिया ओळखायचा तर डॉक्टर पाहिजे, एक्सरे पाहिजे, आणि गावात यातलं काहीच नाही. पण एक गोष्ट प्रत्येक बाळाजवळ असते, त्याचा श्वास. निमोनिया झालेलं बाळ भराभर श्वास घेतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त, असं झालं की धोका समजायचा.

अडचण अशी की गावातल्या बऱ्याच सुइणींना एवढं मोजता येत नव्हतं. म्हणून एक साधं यंत्र बनवलं. लाकडी पट्टी, तिच्यावर मण्यांच्या दोन ओळी, आणि एक मिनिटाची वाळूची घडी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर निमोनिया. एक ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी, दुसरी मोठ्यांसाठी. निरक्षर बाईने निमोनिया ओळखला आणि औषध सुरू केलं. यात मला सर्वांत आवडतं ते हे, की बाईला मोजता येत नाही म्हणून तिला कामावरून काढलं नाही, तर मोजायची पद्धत तिच्या हाताला येईल अशी केली.

मग नंबर आला नवजात बाळांचा. 1993 पासून 39 गावांची आणि तुलनेसाठी शेजारच्या 47 गावांची नोंद ठेवली गेली. गावातल्याच पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. त्यांनी आधी बाळाला बघायचं आणि लिहायचं, मग हळूहळू इलाज शिकायचा. त्या लिहिण्यातूनच कळलं की निम्म्याहून जास्त बाळांना पहिल्या महिन्यात इलाजाची गरज होती, आणि इलाज मिळाला शंभरातल्या तिघांना. बाकीची बाळं बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीतच होती. घरचे म्हणायचे, बाळ झोपलं आहे. बाळ थंड पडलेलं असायचं.

आरोग्यदूत लिहायची आणि पर्यवेक्षक ठरलेल्या दिवशी येऊन तिच्या नोंदी बाळाजवळ बसून ताडून बघायचा. जन्म-मृत्यू सुटू नयेत म्हणून ठरावीक काळाने वेगळी माणसं घरोघर फिरून पुन्हा मोजायची. त्या 39 गावांत 1993-95 मध्ये पहिल्या महिन्यात हजारी 62 बाळं दगावत होती. 2001-03 मध्ये ती 25 वर आली. शेजारच्या 47 गावांत तसा फरक पडला नाही. यातलं सुरुवातीचं काम 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. 2011 पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊ लागल्या, त्याचं मूळ या गावांत आहे.

याच काळातली दुसरी गोष्टही माहीत असावी. 2001 मध्ये 'कोवळी पानगळ' नावाचा अहवाल आला. महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या भागांतल्या 13 संस्थांनी आपापल्या गावांत आणि झोपडपट्ट्यांत बालमृत्यू स्वतः मोजले. सरकारी दप्तरात होते त्याहून ते कितीतरी जास्त निघाले. जे मूल दप्तरात मेलंच नाही, त्याच्यासाठी औषध, डॉक्टर, पैसा कोण मागणार? आपल्या समाजाला हे वेगळं समजवायला नको. गावाच्या नकाशात आपली वस्ती शेवटी, आणि मोजणी करणाराची वेळ संपते ती आपल्या वस्तीच्या आधी.

आता आपल्या घरचं बोलू. चंद्रपुरातल्या आमच्या वस्तीत विहारात रविवारी वंदना झाल्यावर महिला मंडळाच्या बायका बसतात. त्यांनी मागच्या वर्षी एक साधी दोनशे पानी वही केली. वस्तीत जन्मलेल्या प्रत्येक बाळाला एक पान. आशाताईची गृहभेट कधी झाली, वजन किती, हे आईच्या माता-बाल संरक्षण कार्डावरून बघून लिहायचं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट व्हायला पाहिजे. घरी झालं तर पहिल्या दिवशीची आणखी एक.

पाच महिन्यांत अकरा पानं भरली. मला वाटलं होतं की आशाताई येत नाहीत, असंच निघणार, आणि भांडायची तयारी करूनच मी बसले होते. निघालं भलतंच.

अकरापैकी सात बाळांचं जन्मवजन बरोबर अडीच किलो. 2400 नाही, 2600 नाही, 2500. माणसाची बाळं अशी साच्यातून निघत नाहीत. अडीच किलोच्या खाली लिहिलं की बाळ 'कमी वजनाचं' होतं, मग जास्त भेटी, जास्त कागद, वरून विचारणा. म्हणून कुणीतरी, कुठेतरी, काटा अडीचवर टेकवतो. मी 130/80 वर टेकवला होता तसाच. आकड्यावरून बोलणी बसणार हे माणसाला माहीत असलं की तो आकडा सांभाळतो, बाळ नाही. म्हणून वही घेऊन आशाताईवर चालून जायचं नाही, हे आम्ही त्या दिवशीच ठरवलं. तिला या सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये मिळतात, हेही लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट. चार पानांवर चौदाव्या दिवसापासून पुढे काहीच नाही. एका आजीला विचारलं तर ती म्हणाली, "अवं ताई, सून तं मायघरी गेली होती नं, सव्वा महिन्यानं आली." झालं! पहिलं बाळंतपण माहेरी. इथल्या आशाच्या यादीत ती बाई होती, पण घरात नव्हती. माहेरच्या आशाच्या यादीत ती नव्हतीच. दोघींचीही चूक नाही, आणि बाळाला सव्वा महिना कुणी बघितलं नाही. यावर इलाज निघाला तो फुकटाचा. सातव्या महिन्यात सून माहेरी निघाली की इथल्या आशाताईने माहेरच्या आशाताईचा नंबर शोधून तिला फोन करायचा, आणि सासूने कार्ड पिशवीत घालून द्यायचं. त्यानंतर माहेरी गेलेल्या तीन सुनांपैकी दोघींच्या भेटी पूर्ण झाल्या. तिसरी तेलंगणातल्या नातेवाइकांकडे गेली, तिथे फोन लागला नाही.

अंगणवाडीतल्या वजनाचंही असंच. दोन महिने चार-पाच मुलांचं वजन एकदम उतरलेलं दिसलं. बायका घाबरल्या. मी एक किलोची न फोडलेली साखरेची पुडी काट्यावर ठेवली, काटा 800 ग्रॅम दाखवत होता. तुम्हीही करून बघा. मूल ठेवायच्या आधी काटा शून्यावर आहे का ते बघा, मग पुडी ठेवा. अंगणवाडीताईलाच आधी दाखवा, चारचौघांत नको. आमच्या ताईने त्याच आठवड्यात काटा बदलून आणला.

घरी काय बघायचं ते सांगते. बाळाचं वजन पहिल्या आठवड्यात थोडं उतरतं, घाबरू नका. दोन आठवड्यांच्या आत ते जन्मवजनावर परत आलं पाहिजे, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी निदान 300 ग्रॅम वाढलेलं पाहिजे. जन्मवजन 1800 ग्रॅमच्या खाली असेल तर घरी नेण्याची घाई करू नका, त्या बाळाला जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाची गरज असते. श्वास मोजायचा तर बाळ शांत किंवा झोपलेलं असावं. पोटावरचं कापड बाजूला करा. मोबाइलवर एक मिनिट लावा. पोट वर येऊन खाली गेलं की एक श्वास. मुठीत तुरीचे दाणे घ्या आणि दर दहा श्वासांना एक दाणा खाली ठेवा. लहान बाळाचे सहा दाणे एका मिनिटात पडले तर पुन्हा एकदा मोजा. पुन्हा तेच आलं तर त्याच वेळी 108 ला फोन करा, सकाळची वाट बघू नका. छातीखाली खड्डा पडत असेल, बाळ अंगावर पीत नसेल, किंवा दुपट्यात असूनही हातपाय-पोट गार लागत असेल, तर मोजतही बसू नका. गार बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून, वरून पांघरूण घेऊन निघा.

सहा महिन्यांच्या पुढच्या मुलांसाठी दंडाची पट्टी आहे, अंगणवाडीत मिळते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल. लाल दिसलं तर पंधरा दिवसांनी बघू असं म्हणायचं नाही.

आणि वहीचं करायचं काय? आपली वही सरकारी नोंद नाही, पण आपल्या हातातला पुरावा आहे. 2007 मध्ये राज्यात आधी पाच जिल्ह्यांत आणि पुढे गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत समुदाय आधारित देखरेख सुरू झाली होती. गावाने आपल्या आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा, लाल असा शेरा द्यायचा आणि जनसुनवाईत डॉक्टरांसमोर मांडायचा. लोक नुसतं "सेवा मिळत नाही" म्हणाले तर साहेब मान हलवतात. "मार्चपासून चार बाळांची भेट झाली नाही, ही पानं" म्हटलं की साहेबाला पेन काढावा लागतो. गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, शहरातल्या वस्तीत महिला आरोग्य समिती. तिच्या बैठकीची तारीख विचारा, आणि वही घेऊन जा. एका वेळी एकच गोष्ट मागा. आम्ही एकदा नऊ मागण्या नेल्या होत्या, नऊही 'नोंद घेतली' मध्ये गेल्या.

आमच्या वहीतली एक जागा अजून रिकामी आहे. पौष-माघात वस्तीतली काही घरं मिरची तोडायला तेलंगणात जातात, लेकरं सोबत घेऊन, आणि चैत्रात परत येतात. त्या महिन्यांत त्यांचं वजन कुठेच होत नाही. या वर्षी निघायच्या आदल्या रविवारी विहारात काटा मागवून सगळ्या लेकरांचं वजन घ्यायचं आणि परत आल्यावर पहिल्या रविवारी पुन्हा घ्यायचं, एवढं ठरलं आहे. मधल्या तीन महिन्यांचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. तुमच्या वस्तीत कुणी काही केलं असेल तर मासिकाच्या पत्त्यावर लिहून कळवा.