दुसऱ्याच्या पायावर चाललेली गाडी

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत क्लच आणि ब्रेक दोन-दोन असतात. एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरी शेजारी बसलेल्या सरांच्या. हे मलाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते इतकंच, की दोन्ही जोड्या एकमेकींना बांधलेल्या असतात. सरांनी त्यांचा क्लच दाबला की आपल्या पायाखालचाही मुकाट खाली जातो, आणि पाय त्यावर टेकलेला असला की वाटतं, आपणच दाबला. माझं सगळं शिक्षण असं झालं. पालघरहून शिरगावमार्गे आमचं सातपाटी आणि परत. गाडी कधी बंद पडली नाही की गचका बसला नाही. सर म्हणायचे, "ताई, हात सेट आहे तुमचा." हात माझाच होता. पाय त्यांचे होते.

पुढे दादाला शेजारी बसवून त्याची गाडी घेतली तेव्हा हे उघड झालं. गावातल्या अरुंद वळणावर गाडी आडवी बंद पडली. समोर बंदराकडून आलेला माशांचा टेम्पो, मागे बर्फाची गाडी, आणि कडेला वलांडीवर बोंबील टांगणाऱ्या बायका, त्यातल्या निम्म्या नात्यातल्या. टेम्पोवाला पोरगा खाली उतरला, खिडकीत डोकावून म्हणाला, "मावशी, क्लच कोण दाबणार?" प्रश्न रास्त होता.

तेव्हा पहिल्या धड्याला जाणाऱ्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला माझं सांगणं असतं: फी भरायच्या आधी सरांशी बोलून घ्या. पहिले धडे मोकळ्या जागेत हवेत आणि तिथे त्यांनी पाय बाजूला ठेवायला हवा. गाडी बंद पडू दे, दहा वेळा पडू दे. सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, क्लच अगदी सावकाश सोडत गेलं की एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. ती जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते आणि ती आपल्या पायालाच सापडावी लागते. पायाखालचा पेडल आपण न दाबता हलला तर लगेच विचारा, "सर, आता तुम्ही दाबलात का?" राग येतो काहींना. येऊ द्या.

आणखी एक विचारायचं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये शाळांसाठी अभ्यासक्रम घालून दिलेला आहे. खाजगी गाडी शिकणाऱ्यासाठी तो किमान २१ दिवसांचा आणि प्रत्यक्ष चालवणं किमान १० तासांचं. आता रोजच्या "राउंड"मध्ये मागच्या सीटवर आणखी दोघं बसलेली, एकाला घरून उचलायचं, दुसऱ्याला स्टेशनला सोडायचं, असा हिशेब असेल तर तुमच्या हातात स्टिअरिंग किती वेळ राहतं ते घड्याळ लावून बघा.

लर्निंग लायसन्स हातात आल्याशिवाय पहिला धडाही घ्यायचा नाही. वय १८ पूर्ण हवं. घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला कौतुकाने चावी देणाऱ्या बापांनी मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९९अ वाचावं: पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. महाराष्ट्रात २०२१ पासून लर्निंगची परीक्षा आधारच्या आधारे घरबसल्या देता येते. मला एकाने विचारलं होतं, "परीक्षा मी देऊन टाकू का?" मी नको म्हटलं, आणि तेवढ्या निमित्ताने चिन्हं पाठ झाली. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांचा दाखलाही लागतो. लायसन्स सहा महिने चालतं, पक्क्यासाठी तीस दिवस थांबावं लागतं. घरच्या गाडीवर सराव करणार असाल तर पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवाच. नाहीतर काही झालं की विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

अर्जातल्या घोषणापत्रात एक प्रश्न असतो: २५ मीटरवरून, चांगल्या उजेडात, गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? लोक डोळे झाकून 'होय' करतात. खरोखर गल्लीत उभं राहून वाचून बघा. माझ्या वहिनीला तिथेच चष्मा लागला.

बसण्याची तयारी घरी, बंद गाडीत होते. इंजिन बंद, हँडब्रेक वर. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक उरला पाहिजे, आणि पाठ सीटला टेकवून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर यायला हवं. माझी उंची बेताची, म्हणून मी बुडाखाली घट्ट उशी घेते. मऊ उशी ब्रेक मारताना सरकते. मग आरसे. मग न बघता गिअर टाकण्याचा सराव. पायात मागून पट्टा असलेली, पातळ तळाची चप्पल किंवा बूट. मासळी बाजारातून तशाच ओल्या, खवल्यांच्या चपला घेऊन बसलं की पाय पेडलवरून सटकतो. ओढणी खोचलेली. पाण्याची बाटली दारातल्या खणात, कधीच पायाशी नाही. गडगडत ब्रेकखाली गेली तर ब्रेक दबत नाही.

जागेचं म्हणाल, तर किनाऱ्यावर शिकू नका. ओली वाळू दिसायला टणक असते. गाडी थांबली की चाक रुतू लागतं, आणि भरती कुणाची वाट बघत नाही. कोळगावला सिडकोने बांधलेल्या जिल्हा मुख्यालयाच्या आसपास रविवारी सकाळी बरं पडतं. बोईसरला कारखान्यांची पाळी सुटायच्या वेळी मात्र जाऊच नये. तारापूर एमआयडीसीचे टँकर नवशिक्यासाठी थांबत नाहीत.

आमच्या गावात वेळ ठरवायची ती घड्याळावर नाही. खाडी गाळाने भरलेली, बोटी भरतीच्या पाण्यावरच आत येतात, आणि बोटी आल्या की टेम्पो, बर्फ, टोपल्या, सगळं एकदम रस्त्यावर. भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. त्यामुळे या आठवड्यात सकाळी आठला रिकामा असलेला रस्ता पुढच्या आठवड्यात तुंबलेला असतो, वर टेम्पोंतून गळलेल्या पाण्याने निसरडा. कोळीवाड्यातल्या घरात भरतीची वेळ कुणाला विचारावी लागत नाही. तीच शाळेला सांगा. घरात तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, असेल तर आणखी एक फायदा. बोटीला ब्रेक नसतो, त्यामुळे त्याला थांबायचं कुठे हे फार आधी ठरवायची सवय असते. माझ्या सरांपेक्षा थांबणं मला आमच्या तांडेल दादाने जास्त शिकवलं.

आता सीटचा पट्टा. तो लावूनच गाडी सुरू करायची, मैदानातसुद्धा, आणि हौसेने मागे बसलेल्या मंडळींनीही. ४ सप्टेंबर २०२२ ला आपल्याच जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी आदळली. पुढचे दोघं वाचले, मागचे दोघं गेले. मागच्यांनी पट्टे लावलेले नव्हते. गाडी मर्सिडीज होती. पहिल्या धड्याला घरच्यांना मागे न बसवणंच उत्तम, पण ऐकत नाहीत कुणी.

सुरुवात कधी करावी, असं विचारतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला, रस्ता मोकळा, भाऊ-नवरे घरी. मला तो काळ पसंत आहे. फक्त पावसाचं सामान आधी बघून ठेवा: वायपर, हेडलाइट, आणि आतून काच धुरकटली की ती साफ करणाऱ्या हवेचं बटण. हे बटण कुठे आहे ते मला शाळेत कुणी दाखवलं नव्हतं, आणि त्या गाडीतलं ते बिघडलेलंच होतं. पहिल्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या ते लावून बघा. चालत नसेल तर दुसरी गाडी मागा.