न दुखणारा चट्टा : कुष्ठरोगाची पहिली खूण

त्वचेचे बहुतेक विकार स्वतःच रुग्णाला जागे करतात. खरूज खाजते, गळू ठणकते आणि रुग्ण दवाखान्याची वाट धरतो. कुष्ठरोगाचे तसे नाही. त्याचा चट्टा सहसा खाजत नाही, दुखतही नाही. ही वेदनाहीनता त्याची प्रमुख खूण असून तीच त्याचा खरा धोका होय.

नॉर्वेतील डॉ. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये या रोगाचे जंतू शोधून काढले. तेव्हापासून हा रोग पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नसून जंतुजन्य विकार आहे, हे स्पष्ट झाले. उपचार न घेतलेल्या सांसर्गिक रुग्णाच्या दीर्घ सहवासात, मुख्यतः श्वासावाटे, तो पसरतो. जंतूंची वाढ अतिशय मंद असल्याने लक्षणे दिसण्यास सरासरी ५ वर्षे, क्वचित २० वर्षेही लागतात. बहुसंख्य लोकांना नैसर्गिक प्रतिकारशक्तीमुळे त्याची बाधा होत नाही.

लक्षणे कोणती?

त्वचेवर फिकट अथवा लालसर चट्टा उठणे व तेथे स्पर्श, उष्णता वा वेदना न जाणवणे. हातापायांना बधिरता वा मुंग्या येणे. चेहरा तेलकट व चकचकीत दिसणे. कानाच्या पाळ्या जाड होणे. हातातील वस्तू निसटणे. डोळा पूर्ण न मिटणे.

बोटे आपोआप झडतात, हा समज चुकीचा आहे. जंतू नसांवर आघात करतात. चुलीवरील तापलेले भांडे उचलताना बधिर हाताला चटका कळत नाही. जखम दुर्लक्षित राहते, चिघळते आणि त्यातून विकृती उद्भवते. ती बहुधा टाळता येते.

उपचार आणि दक्षता

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेली बहुविध औषधोपचार पद्धती शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य उपलब्ध आहे. रोगाच्या प्रकारानुसार ६ ते १२ महिन्यांत रुग्ण बरा होतो. औषधाने लघवी लालसर होते, त्वचा काही काळ काळवंडते; त्यास भिऊन उपचार सोडू नयेत. उपचार सुरू होताच अल्पावधीत संसर्गाचा धोका संपुष्टात येतो. म्हणून रुग्णास घराबाहेर ठेवण्याचे कारण नाही.

देशात रुग्णांचे प्रमाण डिसेंबर २००५ मध्ये दर १०,००० लोकसंख्येमागे एकापेक्षा खाली आले. परंतु रोग संपलेला नाही. महाराष्ट्रातही दरवर्षी नवे रुग्ण आढळतात. चट्टा दुखत नाही म्हणून स्वस्थ न बसता, दुखत नाही म्हणूनच तो त्वरित तपासून घ्यावा.