रस्त्यावरील कोंडी : परिसर-अभ्यासातील एक पाठ

वाहतुकीचा पाठ बहुधा वाहनांची नावे पाठ करून घेऊन संपविला जातो. बैलगाडी, सायकल, मोटार, आगगाडी ही यादी मुलांच्या तोंडी बसते. परंतु वसई-विरारच्या ज्या रस्त्यांवरून ती रोज शाळेत येतात, तेथे वाहने का खोळंबतात हा प्रश्न तसाच राहतो. वरच्या इयत्तांना तो अवश्य शिकवावा.

आरंभ आगगाडीपासून करावा. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते मुंबईतील बॅकबे अशी उपनगरी गाडी सुरू झाली. दिवसाकाठी जाणारी एक व येणारी एक. १९३६ साली विजेच्या गाड्या विरारपर्यंत आल्या. वसईची भाजी, फुले व केळी आगगाडीने मुंबईच्या बाजारात जात. पुढे मुंबईत जागा महागली, तशी नोकरदार कुटुंबे इकडे येऊ लागली. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून २००९ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. माणसे आगगाडीच्या ओढीने आली. परंतु घरापासून स्थानकापर्यंत पोहोचावयाचे ते रस्त्यानेच. शिवाय लोहमार्गाने वस्तीचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग केले आहेत. ते ओलांडण्याच्या जागा मोजक्या, आणि सारी वाहने त्याच ठिकाणी एकवटतात.

येथवर झाल्यावर मुलांना मैदानात न्यावे. कबड्डीचे मैदान आखण्याच्या फक्कीने ४ मीटर लांब व पावणेदोन मीटर रुंद असा चौकोन काढावा. ही मोटार. तीत दोघांना उभे करावे, कारण मोटारीत पुष्कळदा एक-दोनच माणसे असतात. शेजारी १० मीटर लांब व अडीच मीटर रुंद चौकोन काढावा. ही बस; तीत ४० मुले सहज मावतात. आता विचारावे : ही ४० मुले मोटारींतून दोघे-दोघे निघाली तर किती मोटारी लागतील, आणि त्या एकीमागे एक उभ्या केल्यास रांग किती लांब होईल? २० मोटारी, ८० मीटर. मध्ये बोटभरही अंतर न सोडता. उत्तर शिक्षकांनी आधी सांगू नये. मैदान अपुरे पडते हे मुलांनी स्वतः पाहिले पाहिजे. सायकलीचा चौकोन शेवटी काढावा. तो जेमतेम दोन मीटर लांब होतो.

एखादा चुणचुणीत विद्यार्थी म्हणेल, ‘मग रस्ताच रुंद करावा.’ प्रश्न रास्त आहे, तो उडवून लावू नये. रस्ता मोकळा दिसला की आजवर बसने जाणाराही मोटार काढतो आणि काही वर्षांत कोंडी पूर्ववत होते, हे त्याला समजावून द्यावे. बस वेळेवर येत नाही ही तक्रारही खरीच. पण बस अडकते ती त्याच मोटारींच्या गर्दीत. तिच्यासाठी रस्त्याचा एक पट्टा राखून ठेवल्यास ती वेळ पाळू शकते.

मोटार वाईट, असे मात्र मुलांच्या मनावर ठसवू नये. वर्गातील कित्येकांच्या घरची चूल रिक्षा किंवा टेम्पो यांवर पेटते. आजाऱ्याला वाहन हवेच.

सायकलीविषयी नेदरलँड्सचे उदाहरण द्यावे. त्या देशात १९७१ साली रस्त्यांवरील अपघातांत चारशेहून अधिक मुले मृत्यू पावली. पालक रस्त्यावर उतरले. पुढील काळात तेथे सायकलींसाठी वेगळे मार्ग बांधण्याचे धोरण आले, आणि आज तेथील मुले मोठ्या संख्येने सायकलीने शाळेत जातात. आपल्याकडे सायकल मिळूनही ती घरीच राहते, याचे कारण बहुधा आळस नसून आईची भीती हे असते.

म्हणून गृहपाठ असा द्यावा : प्रत्येकाने घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढावा आणि जेथे सायकलीवरून किंवा पायी जाताना भीती वाटते तेथे लाल खूण करावी. वाहनांची मोजदाद करावयाची असल्यास ती शाळेच्या फाटकाच्या आत उभे राहून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, दहा मिनिटेच करावी. सर्व नकाशांतील लाल खुणा एका मोठ्या कागदावर उतरवून तो कागद शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील सभेत मांडावा, व तो मांडण्याचे काम मुलांकडे द्यावे.