शाळा उघडण्याआधी

चौल

चि. मनू,


तुझी नेमणूक दिघीपलीकडच्या दोनशिक्षकी शाळेवर झाल्याचं दादाने फोनवर सांगितलं. पट विसाच्या आतबाहेर, शिक्षणसेवकाचं सोळा हजार मानधन आणि तीन वर्षं तेवढ्यावर काढायची, म्हणून त्याचा सूर जरा नाराजीचाच होता. मी म्हटलं, अरे, १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यातसुद्धा मास्तरला निदान १२ रुपये पगार द्या अशी मागणी होती. हे रडगाणं जुनं आहे, त्यात तुझी भर नको. त्याच निवेदनातली दुसरी गोष्ट मी त्याला सांगितली नाही, ती तुला सांगते. जोतीरावांना शिक्षक हवे होते ते वेळ पडली तर नांगराची मूठ धरू शकणारे, गावातल्या साध्या माणसांत सहज मिसळणारे. मला स्वतःला पगाराच्या आकड्यापेक्षा ही अट जास्त अवघड वाटते.

तू मास्तरीण व्हायचं ठरवलंस ते ‘श्यामची आई’ वाचून, हे मला माहीत आहे. पण साने गुरुजी व्हायला निघू नकोस. वडघरच्या स्मारकावर शिबिराला गेलीस तेव्हा त्यांच्या हळवेपणाबद्दल खूप ऐकून आली होतीस. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते किती? १९२४ ते १९३०, सहाच वर्षं. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. दिवसभर शिकवून झाल्यावर रोज ती पानं भरायची म्हणजे काय कष्ट असतील, ते तू विचारात घे. डोळ्यांतल्या पाण्याचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतील, या पानांचं नाव कुणी फारसं काढत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण देते, कारण गावोगावच्या शाळांच्या शताब्दीत नामवंत विद्यार्थ्यांच्या कौतुकाची भाषणं ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. चिंतामणराव देशमुखांचा जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. बालपणीची शाळा रोहा-तळ्याकडची. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. रोह्याने त्यांचा अभिमान बाळगावा, बाळगतोच. पण त्याच महाड तालुक्यात, लाडवलीला, १९०३ साली रामचंद्र बाबाजी मोरे जन्मले. दोघांत अंतर सात वर्षांचं. हा मुलगाही हुशार, शिष्यवृत्ती मिळवलेला. तो महाडच्या इंग्रजी शाळेच्या दारात गेला तर महार म्हणून त्याला आत घेईनात. पोरगं खमकं. तक्रार करून, वर्तमानपत्रापर्यंत गाऱ्हाणं नेऊन त्याने प्रवेश पदरात पाडून घेतला, आणि मग त्याला बसवलं कुठे, तर वर्गाच्या बाहेर. धडा तोच, मास्तर तेच, फळा तोच.

पुढे १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोल्यांचा, अस्पृश्यांना सार्वजनिक जागा खुल्या करण्याचा ठराव झाला. आपण तो पाणवठ्यांचा ठराव म्हणून लक्षात ठेवतो, पण त्यात विहिरी-धर्मशाळांबरोबर सरकारी शाळाही होत्या. आणि मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली, बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, त्या परिषदेसाठी राबणाऱ्यांत हेच रा. बा. मोरे पुढे होते. शाळेने त्यांच्यावर संस्कार केला तो असा! शिक्षकाची छाप जन्मभर राहते असं आपण म्हणतो तेव्हा ती चांगलीच असणार असं गृहीत धरतो. मूल मोठं झालं की आठवा धडा विसरतं. आपल्याला कुठे बसवलं होतं आणि आपलं नाव कसं पुकारलं होतं, हे मात्र विसरत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी फळा सजवण्याआधी बसण्याची जागा बघ. आज कुणी कुणाला उंबऱ्याबाहेर ठेवत नाही. पण कोळीवाड्यातल्या मुलीने डबा उघडला की शेजारची पोर नाक मुरडते आणि हळूच सरकते. आदिवासी वाडीवरची पोरं आपणहून मागच्या भिंतीला जाऊन टेकतात. तू काही बोलू नकोस, भाषण तर मुळीच देऊ नकोस. रोज जागा बदलत जा. खिचडीच्या पंगतीत तूही बस, आज इथे, उद्या तिथे.

दुसरं हजेरीचं. आम्हाला चौथीला जे गुरुजी होते ते शिकवायला तसे बेताचेच. अपूर्णांक त्यांनी शिकवले ते मला पुढे दुसऱ्याकडून समजून घ्यावे लागले, आणि रूळही चांगलाच चालवायचे, ते मी गोड करून सांगणार नाही. पण हजेरीपटावर शाईने गैरहजेरी मांडली की त्या रकान्यात शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात कारण लिहायचे. ‘लावणी’, ‘होडी’, ‘भाऊ लहान’, ‘चड्डी नाही’. तपासणीला साहेब यायचे त्याच्या आदल्या दिवशी ते खोडरबर घेऊन बसायचे. आम्ही पुढे बसणारी मुलं ते वाकून वाचायचो. ‘चड्डी नाही’ ज्याच्यापुढे लिहिलं होतं तो दोन दिवसांनी चड्डी घालून आला. ती कुठून आली हे कुणी विचारलं नाही. तुझ्या काळात हजेरी मोबाइलवर भरायची असली तरी एक साधी वही कर आणि त्यात कारणं लिही.

किनाऱ्याची हजेरी शाळेच्या वेळापत्रकावर चालत नाही, समुद्राच्या चालते. जून-जुलै मासेमारी बंद, बाप घरी, तेव्हा कोळ्यांची पोरं वर्गात दिसतील आणि तुला वाटेल, वा! नारळी पौर्णिमेनंतर बघ. आई पहाटे लिलावाला गेली की धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी घरी राहते. ती उशिरा आली तर दारात उभी करू नकोस. धाकट्याला कडेवर घेऊन आली तर येऊ दे.

कातकऱ्यांचं आणखी वेगळं. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघतात, काही थेट कर्नाटकात. उचल बहुतेकांनी मुकादमाकडून पावसाळ्यातच घेतलेली असते, त्यामुळे गणपतीच्या सुमारास वाडीवर एक चक्कर टाकलीस तर कोण जाणार ते तुला आधीच कळेल. तेव्हाच शिक्षण हमी कार्डं भरून ठेव, मुकादमाचा नंबर वहीत घे, आणि पाटीऐवजी दोन वह्या आणि गोष्टीचं एक पुस्तक बरोबर दे. कार्डाने सगळं होतं असं नाही. भट्टीजवळच्या शाळेने घेतलं तर घेतलं. पण मूल शिमग्यानंतर परत आलं आणि हजेरीत त्याचं नाव तसंच असलं, तर ते पुन्हा आत येतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा नेली. तुला एकटीला ते जमणार नाही, आणि कुणी त्याची अपेक्षाही करू नये. नाव न कापणं एवढं जमेल. पट टिकवायचा म्हणून मुख्याध्यापकही त्याला हो म्हणतील, कारण काही का असेना.

मुख्याध्यापकांशी पहिल्या वर्षी वाद घालू नकोस. ऑनलाइन माहिती भरायचं काम तुझ्याच गळ्यात पडणार, ते गुपचूप शिकून घे. केंद्रप्रमुख आले की हजेरी दाखव, वहीतली कारणं दाखवू नकोस.

आगरदांड्याच्या जेटीवरून फेरीबोटीने जायचं ठरवलंस, तर पावसात ती कधी बंद राहील याचा नेम नाही. तेव्हा खोली शाळेच्या गावातच बघ, म्हणजे संध्याकाळी वाडीवरही जाता येईल. दादाच्या हाती उजळणीची चार पुस्तकं, खडूंचा डबा आणि सुकटीची चटणी पाठवते आहे. चटणी आठवडाभर टिकते. पोचल्यावर फोन कर.

तुझी,
आत्या