रस्ता नेमका कुणाचा?

प्रश्न : आमच्या गावचा रस्ता रुंद आणि डांबरी आहे. खड्ड्यांची तक्रार कुठे करावी?

उत्तर : रस्त्याचा दर्जा रुंदीवर नव्हे, तो काय जोडतो यावर ठरतो. ही वर्गवारी देशातल्या रस्ते विकासाच्या १९४३च्या नागपूर आराखड्यातली. राज्य महामार्ग मोठी शहरे आणि जिल्ह्याची ठिकाणे जोडतात. प्रमुख जिल्हा मार्ग तालुके आणि बाजारपेठा. हे दोन्ही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग सहसा जिल्हा परिषदेकडे. फलकावर ‘प्रजिमा’, ‘इजिमा’ किंवा ‘ग्रामा’ आणि क्रमांक दिसेल. तो अर्जात जरूर लिहा. वाहतूक वाढली म्हणून दर्जा आपोआप बदलत नाही, दर्जोन्नतीचा शासन निर्णय लागतो. ग्रामसभेने ठराव करून ती मागणी लावून धरावी.