आमच्या स्वयंपाकघरातील तीन वस्तू
(करायला सोप्या, खर्चाला हलक्या)

द्वितीय वर्ष, कला

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी एकदा सांगितले, की घरातील बाई दिवसभर जे काम करते त्याची किंमत राष्ट्रीय उत्पन्नात धरली जात नाही. तोच स्वयंपाक तिने दुसऱ्याच्या घरी पगार घेऊन केला, तर मात्र तो हिशेबात येतो. वर्गात हशा पिकला. मीही हसलो. पण त्या शनिवारी एस.टी.ने गावी जाताना तेच वाक्य डोक्यात घोळत होते.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले, कोरडवाहू. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आई सकाळी सहाला खुरपणीला जाते. गॅसची शेगडी एकाच बर्नरची आहे. पहाटे तिच्यावर भाकरी होतात, तोवर आईची निघायची वेळ होते. मग डाळ-भात शिजवायला मागे राहते ती माझी धाकटी बहीण. ती नववीत आहे. शाळा साडेसातची, पण डाळ शिजून उतरवल्याशिवाय तिला निघता येत नसे. आठवड्यातून तीन-चार वेळा तिचा पहिला तास बुडायचा, आणि पहिला तास गणिताचा. माझा शाळेत असा एकही तास बुडाला नव्हता. मुलगा म्हणून डाळीजवळ बसायला मला कोणी सांगितलेच नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत यावर काही करावे असे ठरवले. कॉलेजच्या ग्रंथालयात थोडे वाचन केले, थोडे आजीला विचारले, आणि तीन वस्तू घरी तयार केल्या. त्यांची कृती व त्यामागील शास्त्र प्रस्तुत लेखात माझ्या अल्पमतीप्रमाणे देत आहे.

१. ऊबपेटी

पदार्थ शिजायला उष्णता लागते, जाळ लागतोच असे नाही. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळले, की पुढे जाळ कितीही मोठा केला तरी ते त्याहून तापत नाही. पुढचा जाळ केवळ भांड्यातून निसटणारी उष्णता भरून काढतो. ती निसटूच दिली नाही, तर उकळलेली डाळ स्वतःच्या उष्णतेवर शिजते. भुसकटात, कापसात किंवा गोधडीत अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक असते. तिचा उपयोग येथे करायचा.

ही युक्ती नवी नाही. १८६७ सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात नॉर्वेची अशी पेटी मांडलेली होती. दुसऱ्या महायुद्धात इंधनाची टंचाई पडली तेव्हा इंग्लंडमधील गृहिणींनी गवत भरलेल्या पेट्या वापरल्या.

साहित्य : जुनी पत्र्याची पेटी किंवा मोठी पाटी, दोन स्वच्छ पोती, गव्हाचे कोरडे भुसकट, एक जुनी गोधडी, दाभण व सुतळी.

कृती : पोत्यात भुसकट भरून पेटीच्या तळाला बसेल अशी दहा सेंटिमीटर जाडीची गादी शिवावी. तशीच एक उशी वर झाकायला करावी. मध्ये पातेले ठेवून त्याच्या चारही बाजूंनी भुसकट गच्च दाबावे व त्यावर गोधडीचा तुकडा अंथरावा, म्हणजे पातेल्याच्या आकाराचे घरटे तयार होते. भुसकट ओले असू नये, कारण ओलाव्यातून उष्णता लवकर निघून जाते.

वापर : तुरीची डाळ तासभर भिजवून, घट्ट झाकणाच्या पातेल्यात पंधरा मिनिटे खळखळून उकळावी. झाकण न काढता पातेले लगेच पेटीत ठेवावे, वर उशी दाबावी व पेटी बंद करावी. दोन-अडीच तासांत डाळ शिजते. भिजवलेल्या तांदळाला पाच मिनिटांची उकळी आणि पेटीत तासभर पुरतो. पातेल्याच्या बुडाला निखारा किंवा ठिणगी चिकटलेली नाही हे आधी पाहावे.

पहिल्या दिवशी माझी फजिती झाली. पातेले अर्धेच भरले होते, शिवाय शेजारच्या काकूंना दाखवण्यासाठी मी दोनदा झाकण उघडले. डाळ कच्ची राहिली. वडील काही न बोलता भाकरी-चटणी खाऊन उठले. त्यावरून दोन नियम शिकलो : पातेले निदान पाऊण भरलेले असावे, आणि मध्ये उघडून पाहू नये.

एक सूचना महत्त्वाची आहे. कोमट अन्नात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून अन्न रात्रभर पेटीत ठेवू नये, आणि वाढण्यापूर्वी एक उकळी द्यावी. राजमा मात्र रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, निदान दहा मिनिटे जोराने उकळल्याशिवाय पेटीत ठेवूच नये. कच्च्या राजम्यातील विषारी द्रव्य मंद उष्णतेने नाहीसे होत नाही.

पेटी पाहून आजी म्हणाली, “ह्यात नवं काय रं? आमी वैलावर डाळ ठिवायचो की.” तिचे म्हणणे खरे होते. चुलीच्या बाजूच्या वैलावर जाळ नसतो. चुलीतून वाया जाणाऱ्या उष्णतेवर तेथे डाळ शिजते. चूल गेली आणि तिच्याबरोबर वैलही गेला. आमच्या पेटीने तो परत आणला एवढेच.

२. दोन कुंड्यांची थंड पेटी

आमच्याकडे फ्रीज नाही. उन्हाळ्यात मेथी-कोथिंबीर सकाळी आणली, की संध्याकाळी माना टाकते. त्यासाठी मातीच्या दोन कुंड्या घ्याव्यात, एक मोठी व एक तिच्यात सर्व बाजूंनी तीन बोटे जागा राहील इतकी लहान. कुंड्या रंग किंवा चकाकी दिलेल्या नसाव्यात. तळाच्या भोकांना ओली माती लिंपावी. मोठीच्या तळाशी वाळू घालून तीवर लहान कुंडी ठेवावी, मधली फट वाळूने भरावी आणि वाळू सकाळ-संध्याकाळ पाण्याने भिजवावी. आतल्या कुंडीत भाजी ठेवून वर ओले फडके झाकावे. पेटी सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी ठेवावी.

तत्त्व माठाचेच आहे. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेते. एका ग्रॅमला साधारण ५८० कॅलरी लागतात. नायजेरियातील मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने अशाच कुंड्यांचा तेथील खेड्यांत प्रसार केला, त्याबद्दल २००० साली त्याला रोलेक्स पुरस्कार मिळाला. कोरड्या हवेत ही पेटी उत्तम चालते. पावसाळ्यात व कोकणासारख्या दमट हवेत तिचा फारसा उपयोग नाही, कारण तेथे वाफच नीट होत नाही. दूध व शिजवलेले अन्न टिकवण्यासाठी तिच्यावर विसंबू नये.

दोन कुंड्यांना बाजारात दोनशे रुपये पडले. वाळू ओढ्यातली.

३. शिंकाळे

मांजर आणि मुंग्या यांच्यापासून दुधा-तुपाचे रक्षण करणारे शिंकाळे आता घरांतून दिसेनासे झाले आहे. ते विणायला अर्धा तास पुरतो. अडीच मीटर लांबीच्या चार सुतळ्या घ्याव्यात. मध्यावर दुमडून त्या एका लोखंडी कडीत अडकवाव्यात, म्हणजे खाली आठ टोके येतील. कडीपासून हातभर खाली दोन-दोन टोकांची एक अशा चार गाठी माराव्यात. त्याखाली वीतभर अंतरावर प्रत्येक जोडीतले एक टोक शेजारच्या जोडीतल्या एका टोकाशी बांधावे. पुन्हा चार गाठी होतील. शेवटी चार बोटे खाली आठही टोके एकत्र करून घट्ट गाठ मारावी. कडी आढ्याला टांगावी आणि प्रथम पाणी भरलेले भांडे ठेवून भार पेलतो का हे पाहावे. हे शिंकाळे मला आजीने शिकवले. माझी पहिली गाठ पाहून ती म्हणाली, “कालेजात गाठ मारायला शिकवत न्हाईत व्हय?”

उपसंहार

पूर्वी आमचा १४.२ किलोचा सिलिंडर सदतीस-अडतीस दिवस जात असे. पेटी आल्यानंतरचा पहिला पंचेचाळीस दिवस गेला. मध्ये चार दिवस घरची मंडळी लग्नाला परगावी होती, तेव्हा सगळे श्रेय पेटीला देता येणार नाही. एका सिलिंडरवरून सिद्धांत मांडू नये, हे मला कळते.

दुसरा हिशेब मात्र पक्का आहे. आई आता पहाटे भाकरीआधी डाळीला उकळी देते आणि पेटी बंद करून कामावर जाते. साडेआठला आजी पेटी उघडते. बहीण सात वाजता घराबाहेर पडते. मागच्या महिन्यात तिचा गणिताचा एकही तास बुडाला नाही. सहामाहीत गणितात ती नापास झाली होती. वार्षिक परीक्षा अजून व्हायची आहे, म्हणून पुढचे काही लिहीत नाही.

तिला मी पेटीबद्दल विचारले तेव्हा ती म्हणाली, “दादा, पेटी चांगली आहे. पण सुट्टीत तू घरी असतोस, तेव्हा डाळ तू उकळलीस तरी चालेल.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. या उन्हाळ्यात पहाटेची डाळ माझ्याकडे आहे.

वर्गबंधूंनो, आपल्यापैकी अनेकांची घरे आमच्या घरासारखीच आहेत. यातील एखादी वस्तू करून पाहावी, आणि ती करताना घरात कोणाचा तास बुडतो आहे हेही पाहावे, एवढीच विनंती.