मामांनी प्रवास करावा का?



लग्नात मामाचा मान मोठा. मामा भाचीला हात धरून बोहल्यावर आणतो. मंगलाष्टके होईपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. मामाशिवाय मांडव सुना वाटतो. त्यावरूनच आमच्या घरी एक पेच पडला. तो कसा सुटला, ते या पाठात वाचू.

आमच्या मुलीला सख्खा मामा एकच. राहायला पुण्यास. वय पंचेचाळीस, वजन १३८ किलो. जोडीला मधुमेह आणि गुडघेदुखी. रात्री झोपेत श्वास अडखळायचा. त्यांनी पथ्य केले, चालणे केले. वजन थोडे उतरे आणि पुन्हा चढे. अखेर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी वजन कमी करण्याचे पोटाचे ऑपरेशन करून घेतले.

त्याच आठवड्यात आमच्या मुलीची सोयरीक पक्की झाली. जावई लष्करात, रजा थोडी. मुहूर्त जवळचा धरावा लागला. लग्न नागपूरला, ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी. पुण्याहून नागपूर सुमारे ७०० किलोमीटर. रेल्वेत चौदा-पंधरा तास बसायचे.

आम्ही अक्षत घेऊन मामांकडे गेलो. ते घरात हिंडत-फिरत होते. पोटावर पाच लहान छिद्रांच्या खुणा, बस्स. आम्ही म्हटले, "तुम्ही तर ठणठणीत दिसता. यायलाच पाहिजे." ते म्हणाले, "दाजी, मला यायचेच आहे. पण उद्या तपासणी आहे. डॉक्टरांना एकदा विचारू."

खरे सांगायचे तर आम्हांला ते रुचले नाही. आम्ही इतकी वर्षे मुलांना शिकवले, की आधी विचारा, मग करा. आणि स्वतःच्या घरचे कार्य आले तेव्हा आम्हीच हट्ट धरून बसलो!

डॉक्टरांनी काय सांगितले?

दुसऱ्या दिवशी आम्हीही मामांबरोबर गेलो. डॉक्टरांनी कागदावर पोटाचे चित्र काढून दाखवले. या ऑपरेशनात जठराचा, म्हणजे अन्नाच्या पिशवीचा, मोठा भाग कापून काढतात. चार भागांतले सुमारे तीन भाग जातात. उरते ती केळ्यासारखी अरुंद नळी. तिच्या कडेला धातूच्या बारीक टाचण्यांची लांब शिवण असते. बाहेरची जखम लहान दिसते, पण आतली शिवण मोठी असते. ती भरून यायला आठवडे लागतात.

मग डॉक्टरांनी तीन गोष्टी समजावल्या.

पहिली गोष्ट पायांची. ऑपरेशननंतर काही आठवडे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. वजन जास्त असेल तर ही भीती वाढते. तासन्‌तास पाय लोंबते ठेवून एका जागी बसले, तर आणखी वाढते. गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर जीवावर बेतते.

दुसरी गोष्ट पाण्याची. नव्या पोटात एका वेळी थोडेच मावते. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी पोटात गेले पाहिजे, पण ते घोट घोट प्यावे लागते. प्रवासात माणूस पाणी टाळतो, कारण लघवीला जाण्याची अडचण होते. पाणी कमी पडले की चक्कर येते आणि रक्तही घट्ट होते.

तिसरी गोष्ट जेवणाची. पहिले सुमारे दोन आठवडे पातळच घ्यायचे. मग काही दिवस मऊ गुरगुट्या भात, पातळ वरण. घट्ट अन्न त्यानंतर. आता लग्नघरी काय होते, ते आपण जाणतोच. "मामा, एक जिलेबी तरी घ्या", "माझ्या हातचा एक घास". आग्रहाचा तो एक घास आत अडकला, उलट्या लागल्या, तर शिवणीवर ताण येतो.

आम्ही विचारले, "मग जायचे कधी?" डॉक्टर म्हणाले, "लांबचा प्रवास चार ते सहा आठवडे टाळलेला बरा. प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते, तेव्हा तपासून सांगतो. आणि मला सांगा, रात्री गाडीत पोटात दुखू लागले, तर वाटेत कोणाकडे जाल?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

निर्णय

घरी येताना मामा गप्प होते. आम्हीही गप्प होतो. मग आम्हीच म्हटले, "तुम्ही येऊ नका. मान कुठे पळून जात नाही." मामांच्या डोळ्यांत पाणी आले.

लग्नात चुलत मामा मुलीच्या पाठीशी उभे राहिले. मंगलाष्टके झाली. मुलीने पहिला फोन मामांना केला. दोन महिन्यांनी मामा स्वतः आमच्या गावी आले. तोवर वीस किलोंहून अधिक वजन उतरले होते. मुलगी-जावई रजेवर आले होते. मामांनी दोघांना ओवाळणी घातली आणि वाटीभर वरणभात सावकाश खाल्ला.

कोणी म्हणेल, "मामांना त्या दिवसांत काहीच झाले नाही. म्हणजे गेले असते तरी चालले असते." तसे नाही. छत्री घेतली आणि पाऊस पडला नाही, म्हणून छत्री घेणे चुकले असे कोणी म्हणत नाही.

जाणे भागच असेल तर

डॉक्टरांची परवानगी घ्या. तासा-तासाने उठून चार पावले चाला. बसल्या जागी पायाचे घोटे वर-खाली हलवा. पाण्याची बाटली हाताशी ठेवा. औषधे आणि दवाखान्याचे कागद जवळच्या पिशवीत ठेवा. जड ओझे उचलू नका. मधुमेहाच्या गोळ्या किती घ्यायच्या ते डॉक्टरांना पुन्हा विचारा. ऑपरेशननंतर साखर लवकर उतरते. जुन्याच मापाने गोळ्या घेतल्या, तर ती फार खाली जाऊ शकते.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

धाप लागणे, छातीत दुखणे, एकाच पायाची पोटरी सुजणे किंवा दुखणे, ताप, नाडी जोरात चालणे, पोटातले दुखणे वाढत जाणे, पाणीही पोटात न ठरणे, शौचास काळे होणे. यांतली एकही खूण दिसली, तर लगेच दवाखाना गाठा. महाराष्ट्रात १०८ या नंबरावर फोन केला की रुग्णवाहिका मोफत येते. फोन करताना "पोटाचे ऑपरेशन झाले आहे" हे आधी सांगा.

वाचकहो, नातेवाइकांनो, एक गोष्ट आमच्यासारख्यांसाठी. आजारी माणूस भिडेपोटी "नाही" म्हणत नाही. "येऊ नका, आधी बरे व्हा" हे आपणच म्हणावे. त्याने त्याचा मान कमी होत नाही, वाढतो.

विचार करा व उत्तरे सांगा

१. बाहेरची जखम लहान असली, तरी मामांनी प्रवास का करू नये?
२. प्रवासात पाय का हलवावेत?
३. लग्नघरचा आग्रह मामांना का बाधला असता?
४. तुमच्या घरी असा पेच पडला, तर तुम्ही कोणाला आणि काय विचाराल?

हे शब्द पुन्हा वाचा व लिहा

जठर, शिवण, गुठळी, पोटरी, घोट, परवानगी, रुग्णवाहिका